कामांचा डोंगर अंगावर आला की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत बावीस वर्षं नोकरी करते आहे. सुरुवात कॅश काउंटरवर झाली, आता कर्जाचं टेबल बघते. घरी नवरा, सासूबाई, नववीतली लेक, शिवाय दूध, पेपर, गॅस, गिरणी. मार्च आला की शाखेत नवीन लागलेली मुलं-मुली डबा खाताना मला ठरावीक प्रश्न विचारतात. हल्ली आमच्या बिल्डिंगमधल्या बायकाही जिन्यात अडवून तेच विचारतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. बावीस मार्च एंड काढले, एवढीच माझी पात्रता.

कामं तर सगळ्यांनाच असतात. मग मलाच असं गुदमरल्यासारखं का होतं? मी आळशी आहे का?

आळशी माणसाला कामं राहिली म्हणून गुदमरायला होत नाही. तो छान झोपतो. तुम्हाला होतंय, म्हणजे तुम्ही ती सगळी कामं डोक्यात धरून ठेवली आहेत, आणि डोकं त्यासाठी नाही.

कुकरच्या शिट्ट्या मोजताना फोन आला की किती झाल्या ते विसरायला होतं ना? मनाच्या ओंजळीत एका वेळी फार थोडं मावतं. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारवर आणला. आपण त्या ओंजळीत तीस गोष्टी कोंबतो. मग एक आठवली की दुसरी सांडते, आणि सांडली याची रुखरुख वेगळीच.

याची लक्षणं ओळखून ठेवा. कपाट उघडायचं आणि कशाला उघडलं ते आठवायचं नाही. लेकरानं साधी हाक मारली तरी अंगावर यायचं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे मोठं काम समोर असताना भलतंच किरकोळ काम काढून बसायचं. एका मार्चमध्ये वसुलीच्या फायली टेबलावर असताना मी अर्धा तास ड्रॉवरमधल्या टाचण्या आणि यू-पिना वेगळ्या करत होते. बाहेरून बघणाऱ्याला तो आळसच वाटला असता.

सुरुवात कुठून करू? कशालाच हात घालावासा वाटत नाही.

कागद घ्या. बाकी काही नको.

२०२५ चा मार्च सांगते. पाडवा रविवारी, ३० तारखेला. ईद सोमवारी, ३१ ला, आणि आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपणार. सरकारी जमा-खर्च त्या वर्षातच धरला जावा म्हणून रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा ३१ ला उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. २९ चा शनिवार महिन्यातला पाचवा, म्हणजे तोही कामाचा. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी किल्ली हातात घेऊन स्ट्राँगरूमच्या दारात उभी होते आणि इथे कशाला आलो तेच आठवेना. तेवढ्यात घरून फोन, "आई, साखरेची गाठी आणायचीय, संपतात मग." आमचे शिपाई माझ्याहून वयाने मोठे, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे केली. "मॅडम, बसा जरा."

बसले. समोर पैसे भरायच्या स्लिपांचा गठ्ठा होता. एक स्लिप उलटी करून लिहायला लागले. क्रम नाही, वर्गवारी नाही, घरचं-ऑफिसचं वेगळं नाही. पीककर्जाची तीन नूतनीकरणं. साखरेची गाठी. थकीत खात्यांचा तक्ता. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. माळ्यावरून गुढीची काठी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी. मावसबहिणीच्या साखरपुड्याला काय द्यायचं. लेकीचा भूगोलाचा प्रकल्प. लेकीचं गणित. एक स्लिप पुरली नाही, दुसरी घेतली. शेवटी मोजली, एकतीस भरली. मला वाटत होतं शंभर असतील.

मग त्या दोन स्लिपांकडे पाहिलं. सोमवारपर्यंत व्हायलाच हवीत अशी त्यात नऊ होती. बाकीच्यांना एप्रिल चालणार होता. गोळ्या सासूबाईंनी आदल्याच दिवशी मागवल्या होत्या, मी उगाच डोक्यात घेऊन फिरत होते. आणि 'लेकीचं गणित' हे तर कामच नव्हतं.

म्हणजे? लेकीचं गणित हे काम कसं नाही?

ती काळजी आहे. काम म्हणजे जे हाताने करता येतं आणि केल्यावर संपतं. 'लेकीचं गणित' बसून करता येत नाही. 'रविवारी दुपारी तिच्याबरोबर बसून चाचणीचा पेपर बघणे' हे करता येतं. 'बाबांची तब्येत' ही काळजी, 'शनिवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेणे' हे काम. कामांच्या यादीत काळज्या शिरल्या की यादी कधीच संपत नाही, कारण काळजीवर काट मारता येत नाही. प्रत्येक ओळीसमोर स्वतःला विचारा, यासाठी मी उठून नेमकं काय करणार? उत्तर सापडलं तर ते लिहा. नाही सापडलं, तर ती ओळ कागदाच्या मागच्या बाजूला टाका. खोडू नका. काळजी खरीच असते, फक्त तिची जागा वेगळी.

माझ्या त्या एकतीसमधल्या चार ओळी अशा मागे गेल्या.

नुसतं लिहून काय होणार? कामं तर तेवढीच राहतात.

राहतात. पण बँकेत आमच्याकडे सस्पेन्स खातं नावाची एक सोय असते. एखादी रक्कम आली आणि ती कोणाच्या नावावर टाकायची ते आत्ता कळत नसेल, तर ती तात्पुरती सस्पेन्सला टाकतात. दिवसाचा हिशोब जुळतो, माणसं घरी जातात. पैसे कुठे जात नाहीत, त्यांचा निकाल उद्या लावायचा असतो. कागद म्हणजे डोक्याचं सस्पेन्स खातं.

याला मानसशास्त्राचाही आधार आहे. ब्लूमा झाइगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्ये बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगात माणसांना पुरी झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं जास्त आठवली. नंतरच्या काही प्रयोगांत तसा निकाल आला नाही, तेव्हा तो नियम म्हणून कोणी घेऊ नये. मला जास्त उपयोगी वाटलं ते मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचं २०११ मधलं संशोधन. अपुरं राहिलेलं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करणार एवढं ठरवलं की काम न करताही टोचणी कमी होते. म्हणून 'गाठी' एवढंच लिहू नका. 'गाठी, उद्या परत येताना, मारुतीच्या देवळासमोरचं दुकान' असं लिहा.

सस्पेन्सची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यातल्या नोंदी जुन्या झाल्या की ऑडिटर धारेवर धरतो. यादीचंही तसंच. तीन आठवडे हललं नाही असं काम दिसलं की तीनच वाटा: आजच करा, दुसऱ्याला द्या, नाहीतर सोडून द्या. मी दोन वर्षं यादीत वागवलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ असाच सोडला. बँकेत निर्लेखित, म्हणजे राइट ऑफ, केलेल्या कर्जाची वसुली चालूच राहते, लोकांना वाटतं माफ झालं. टेबलक्लॉथ मात्र खरोखरच माफ केला.

माझ्याकडे सगळंच अर्जंट असतं. आधी काय घ्यायचं?

सगळंच अर्जंट असतं हे मला पटत नाही. सगळ्याचा आवाज मोठा असतो, हे मात्र खरं.

त्या शुक्रवारी झोनल ऑफिसमधून तक्त्यासाठी चार फोन आले होते. ज्यांच्या पीककर्जाची नूतनीकरणं होती त्या तीन शेतकऱ्यांपैकी एकाचाही आला नव्हता, ते बाकावर गप्प बसून होते. नूतनीकरण म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घेणं; ही परतफेड ठरलेल्या मुदतीत झाली तरच व्याजाची सवलत मिळते, आणि त्यांची मुदत ३१ मार्चला संपत होती. तारीख चुकली तर त्यांच्या खिशातून पैसे जाणार होते. तक्ता सोमवारी सकाळी गेला असता तर मला एक टोमणा बसला असता. तेव्हा विचारायचं ते हे: आज नाही झालं तर नेमकं कोणाचं काय नुकसान होईल, आणि ते भरून निघेल का? कोण किती ओरडतंय याचा त्याच्याशी संबंध नाही.

मी आधी नूतनीकरणं केली. टोमणा बसला. अजून जिवंत आहे.

रोजच्या दिवसाला माझा हिशोब सोपा आहे. सकाळी बसमध्ये तीन कामं ठरवते, चौथं नाही. तीन संपली तर यादी उघडते. बऱ्याचदा तीनही पुरी होत नाहीत, कारण दिवसात न ठरवलेलं पुष्कळ येतं. त्याला जागा नको?

एका वेळी दोन-तीन कामं केली तर लवकर नाही का उरकत?

कॅश काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारा. शंभर नोटांचं बंडल हाताने मोजताना सत्तावन्नवर कोणी "मॅडम, पासबुक कुठे छापून मिळेल?" असं विचारलं आणि तुम्ही मान वर करून "तिकडे" म्हणालात, की बंडल पुन्हा पहिल्या नोटेपासून. एका शब्दाच्या उत्तराची किंमत सत्तावन्न नोटा. आता मशीन आहेत, पण मी लागले तेव्हा फाटक्या-मळक्या नोटा हातानेच मोजायचो. कॅशिअर माणसं थोडी तुसडी वाटतात त्याचं कारण हे आहे. त्यांना राग आलेला नसतो, ती मोजत असतात.

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याला एक नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ 'लक्षाचा उरलासुरला गाळ' असा होईल. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. पोळ्या लाटताना रेडिओ ऐकणं वेगळं, हाताला सवय असते. पण ईमेल लिहिता लिहिता फोनवर हप्त्याची चौकशी आणि समोर सहीसाठी उभा माणूस, यात तिन्ही बिघडतात. एक ना धड भाराभर चिंध्या.

मध्येच उठावंच लागलं तर एक करा. कुठे थांबलात आणि पुढे काय करायचं ते दोन शब्दांत लिहून उठा. 'पान ४, सातबारा बघणे.' परत आल्यावर पहिल्या नोटेपासून सुरू करावं लागत नाही.

वेळेचा अंदाज दर वेळी चुकतो. अर्ध्या तासाचं काम दीड तास खातं.

सगळ्यांचाच चुकतो. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ ते ५६. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला.

आपण काम डोळ्यांसमोर आणतो तेव्हा फक्त काम दिसतं. सर्व्हर डाउन होणं, सहीवाले साहेब मीटिंगला जाणं, प्रिंटरची शाई, पाणी गेलेलं असणं, हे दिसत नाही. यावर माझा उपाय म्हणजे मागच्या वेळी किती लागले ते बघणं. मी कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या खुणेशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवते, 'फराळ चिवडा २ तास २०'. पुढच्या दिवाळीला मी चिवड्याला तासभर धरत नाही. माझ्या नवऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. पण दिवाळीच्या आदल्या रात्री बारापर्यंत कढईसमोर तो नसतो.

साहेबांना 'नाही' कसं म्हणायचं? आमच्याकडे तशी पद्धतच नाही.

'नाही' म्हणूच नका. निवड त्यांच्याकडे सरकवा.

"साहेब, आज हा तक्ता, ती नूतनीकरणं आणि शेडची पाहणी, तिन्ही होणार नाहीत. दोन होतील. कुठलं उद्यावर टाकू?"

हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा नोकरीला तेरा वर्षं झाली होती. आवाज कापत होता. साहेबांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "पाहणी सोमवारी करा." इतकंच. तोवर मी तिन्हीला 'हो सर' म्हणायचे, रात्री साडेआठपर्यंत बसायचे, तिन्ही अर्धवट करायचे आणि वर बोलणी खायचे.

काही वरिष्ठ "सगळंच पाहिजे" म्हणतात. मी असेही दोघे पाहिले. तिथे वाद घालू नका. कामाच्या ग्रुपवर किंवा मेलवर शांतपणे लिहा: 'आज अमुक पूर्ण होईल, तमुक उद्या दुपारपर्यंत देते.' तारीख तुम्ही घातली, लेखी घातली. निम्म्या वेळा त्यावर कोणी काही बोलत नाही.

आणि एक गोष्ट मन मारून सांगते. पाच माणसांचं काम तीन माणसांवर पडलं असेल तर कुठलीही यादी, कुठलंही नियोजन ते पुरं पाडू शकत नाही. रिकाम्या जागांचा प्रश्न वहीत सुटत नसतो. तो युनियनकडे, वरिष्ठांकडे, चौघांनी मिळून न्यायचा. आपल्याला जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावत बसलेली हुशार माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

घरात कोणी मदत करत नाही. म्हटलं तर "तू सांग ना, मी करतो" म्हणतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, आणि तो विचारणारा पुरुष मला अजून भेटायचा आहे.

आधी आकडा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात गेली, पुरुषांची ८८. त्यात मेख अशी की ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांची आहेत. जे करतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

आता "तू सांग ना". सांगणं हेच काम आहे. तेल संपत आलंय हे बघणं, लक्षात ठेवणं, कधी आणायचं ते ठरवणं, कोणाला सांगायचं ते ठरवणं, सांगणं, आणलं का ते विचारणं, न आणल्यास चिडायचं की नाही ते ठरवणं. दुकानात जाऊन पिशवी आणणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आपण तेवढाच दुसऱ्याला देतो आणि बाकीचं सगळं आपल्याकडे ठेवतो.

म्हणून अख्खं खातं द्या. आमच्याकडे गॅस नवऱ्याकडे गेला. नंबर लावणं, पैसे, टाकी आली तेव्हा घरी कोणीतरी असणं, वजन बघणं, रिकामी टाकी, सगळं. दुसऱ्याच महिन्यात तो नंबर लावायला विसरला. भाताचं आधण ठेवलं आणि शेगडी फुसफुसून विझली. माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. ती गिळायला मला मार्च एंडपेक्षा जास्त कष्ट पडले, खरं सांगते. इंडक्शनवर खिचडी टाकली, सगळ्यांनी लोणच्याबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन दुसऱ्या टाकीचा अर्ज भरला. गेल्या तीन वर्षांत गॅस हा शब्द माझ्या यादीत आलेला नाही.

तो आपल्या पद्धतीने करेल. कपडे उलटे वाळत घालेल, कोथिंबीर जुडी न बघता आणेल. त्यावर बोलायचं नाही. बोललात की खातं परत तुमच्या नावावर.

मोठ्या माणसांना आपण उगाच वगळतो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मला वाटायचं त्यांना त्रास नको. एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच कुठे?" आता दूधवाला, इस्त्रीवाला, भाजी निवडणं त्यांच्याकडे आहे. दूधवाल्याचा हिशोब तर माझ्यापेक्षा कडक.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय करू? दिवसभर टिंगटिंग.

आवाज बंद. शाळेचा ग्रुप संध्याकाळी एकदा, सोसायटीचा दोन दिवसांतून एकदा, नातेवाइकांच्या 'शुभ सकाळ'ला उत्तर दिलं नाही तरी सकाळ शुभच जाते. खरोखर तातडीचं असेल तो माणूस फोन करतो.

कुठलं अ‍ॅप चांगलं?

जे तुम्ही महिन्यानंतरही उघडाल ते. माझी पाठकोरी स्लिप आहे. अ‍ॅप शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या असतील तर वर टाचण्या-पिनांबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा.

रात्री पाठ टेकली की सगळी कामं रांगेनं येतात. झोप लागत नाही.

उशाशी वही ठेवा आणि दिवा मालवण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहा. अमेरिकेत मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ जणांवर हेच करून बघितलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईची तितकं बरं. नऊ मिनिटं म्हणजे काही फार नाहीत, पण मला रात्री दोन वाजता उठून गॅसची शेगडी बंद आहे का ते बघायची सवय होती, ती गेली.

मोबाइलमध्ये लिहू नका. लिहायला घेतलेला मोबाइल लिहून झाल्यावर खाली ठेवलेला मी तरी पाहिला नाही.

काम मोठं आहे म्हणून सुरूच होत नाही. काय करू?

त्यातलं सगळ्यात मूर्ख वाटेल इतकं छोटं पाऊल घ्या. 'कर्जप्रकरण तयार करणे' नाही, 'फाईल कपाटातून काढून टेबलावर ठेवणे'. आयकराचे कागद असतील तर फक्त पाकीट शोधा. एवढं करून उठायची मुभा स्वतःला खरोखर द्या, फसवू नका. मी दहातल्या सात वेळा उठत नाही. उरलेल्या तीन वेळा उठते, पण फाईल तरी बाहेर आलेली असते.

दुसरं म्हणजे वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधा. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 'अमुक झालं की तमुक करेन' अशा ठरावावर बरंच काम केलं आहे. 'चहाचा कप ठेवला की तक्ता उघडायचा.' अकराची वेळ निघून जाते. चहा मात्र कोणी चुकवत नाही.

थकवा आहे की आजार, हे कसं ओळखायचं? डॉक्टरकडे कधी जायचं?

माझी मोजपट्टी सुट्टी आहे. दोन दिवस कामं बाजूला टाकून झोप काढली, आवडीचं खाल्लं, आणि थोडं हलकं वाटलं, तर तो थकवा. सुट्टीतही मन उचल खात नसेल, दोन-दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, तर यादी बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आधी घरचे डॉक्टर चालतील. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ते तपासतीलच, कारण बायकांमध्ये त्यांनीही माणूस असा गळून जातो. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने लावला होता. तो पुढे म्हणाला, पहिली दोन मिनिटं मी काहीच बोललो नाही, पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

कामातून येणारी ही दमछाक, जिला बर्नआउट म्हणतात, ती जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या सूचीच्या अकराव्या आवृत्तीत आजार म्हणून धरलेली नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवली आहे. म्हणजे औषध काही अंशी कामाच्या जागीच आहे. हे साहेब लोकांना वाचून दाखवायला हरकत नाही.

एवढं सगळं करून तुमची कामं संपतात का?

नाही हो. त्या पाडव्याला पुरण शिजलं नाही, डब्यातलं श्रीखंड आणलं. गुढीला मागच्याच वर्षीचा खण नेसवला आणि माळ्यावरून काठी काढताना जळमटं दिसली, ती तशीच ठेवली. सोमवारी रात्री पावणेदहाला हिशोब जुळला. सस्पेन्सला एक एंट्री राहिली होती, ती आम्ही एप्रिलमध्ये काढली.

आजच्या स्लिपवर सतरा ओळी आहेत. हे लिहिणं त्यातली एक होती. दळण राहिलंय, आणि गिरणी साडेआठला बंद होते.